आधीं काय, मग काय? : मुळशीच्या सत्याग्रहाचा इतिहास



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं कांहीं ऐतिहासिक मजकूर लिहून द्यावा असें स्मरणिका समितीच्या बंधूंनीं मला सुचविलें, तेव्हां त्यांच्या मनांत आपल्या देवळाचा इतिहास असावा. परंतु तो इतिहास याच अंकांत दुसऱ्या एका जाणत्या हातानें लिहिला आहे, आणि त्यांत मीं भर घालावी असें कांहीं उरलेलें नाहीं. म्हणून मीं दुसराच विषय घेतला आहे. ज्या मुळशी तालुक्यांत आपण राहतों, ज्या धरणाच्या कांठीं आपले तरुण पावसाळ्यांत फिरावयास जातात, त्याच खोऱ्यांत १९२१ ते १९२४ या सालांत एक मोठा लढा झाला. आपल्यांपैकीं बहुतेकांचीं कुटुंबें या भागांत मागाहून आलीं; त्यामुळें त्या लढ्याची हकीकत आपल्या घरांतून सांगितली जात नाहीं. ती ठाऊक असावी असें मला वाटतें.

हा विषय निवडण्यास आणखीहि एक कारण घडलें. ज्युबिलीच्या वर्षांत काय काय करावें याचा विचार करण्यास आपली समिति बसली, तेव्हां एकाच बैठकींत सतरा कामें निघालीं. देवळाच्या छपराची दुरुस्ती, दफनभूमीची भिंत, मुलांसाठीं अभ्यासिका, कामधंद्यासाठीं नव्यानें आलेल्या कुटुंबांची विचारपूस, आणि अशींच आणखी. कोणी म्हणे, अमुक कामाला देणगीदार तयार आहे म्हणून तें आधीं घ्यावें. कोणी म्हणे, अमुक कामांत परवानगीची अडचण आहे म्हणून तें शेवटीं ढकलावें. सोपें तें आधीं आणि अवघड तें मागाहून, हा क्रम ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. परंतु हें सर्व आपण कशासाठीं करणार आहों, हा प्रश्न त्या दोन तासांत एकदांहि निघाला नाहीं. आणि तो मींहि काढला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. बैठक संपवून परततांना मला मुळशीच्या लढ्याची आठवण झाली. संधि कोणती आणि अडचण कोणती, हें ठरविण्याआधीं साध्य ठरलेलें असावें लागतें. तें ठरलें नाहीं, किंवा एकाच मंडळींतल्या निरनिराळ्या माणसांनीं तें निरनिराळें ठरविलें, म्हणजे काय होतें, याचें इतकें ठळक उदाहरण आपल्या अंगणांत असतांना दूर जाण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं.

सह्याद्रीच्या माथ्याला लागून असलेल्या या मावळांत पाऊस अतोनात पडतो. निळा आणि मुळा या दोन नद्या येथें एकत्र येतात, आणि पुढें मुळा या नांवानें तें पाणी पूर्वेकडे पुण्यास जातें. तेथें मुठा मिळते. मग भीमा, मग कृष्णा, आणि शेवटीं बंगालचा उपसागर. वास्तविक अरबी समुद्र येथून हाकेच्या अंतरावर आहे. पण पर्वताचा उतार पूर्वेकडे असल्यामुळें पाण्याला सारा देश ओलांडून जावें लागतें. डोंगरउतारावर बांध घालून भाताचीं खाचरें करावीं, तीं पिढ्यान् पिढ्या सांभाळावीं, आणि त्यांत भात पिकवावा, हा येथील मावळ्यांचा व्यवसाय. ज्यांनीं बांध घातलेला पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं खाचर हें एका हंगामांत तयार होत नाहीं. माती धरून ठेवावयास आजा लागतो, बाप लागतो, आणि मग नातू पीक खातो. त्या वेळीं हा भाग मुळशी पेटा म्हणून ओळखला जाई व हवेली तालुक्यांत मोडत असे. कचेरी पौडास होती.

दुसरीकडे मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पडणारें पाणी अडवून तें पश्चिमेच्या कड्यावरून खालीं कोंकणांत सोडलें तर त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज उत्पन्न करतां येईल, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातींत निघाली. ते १९०४ सालीं वारले. पण त्यांच्या मुलांनीं ती सोडली नाहीं. १९१० सालीं पहिली जलविद्युत् कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरांत तलाव बांधले गेले, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. मग आंध्र खोऱ्यांतलें काम निघालें. त्या पाण्यावरचें भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं चालू झालें. १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, व तिनें मुळशीच्या खोऱ्यावर दृष्टि ठेवली. निळा-मुळेच्या संगमाजवळ भिंत घालावयाची, पूर्वेकडे जाणारें पाणी अडवून बोगद्यांतून पश्चिमेस वळवावयाचें, आणि दीड हजार फुटांहून अधिक खालीं भिरा येथें यंत्रांवर सोडावयाचें, अशी ही योजना. भिंतीमागें जें तळें होणार त्यांत पन्नासांहून अधिक गावें येत होतीं, आणि त्यांत सुमारें अकरा हजार माणसें राहत होतीं.

कंपनीच्या बाजूनें पाहिलें तर तिचें साध्य अगदीं स्पष्ट होतें : मुंबईस वीज. त्या एका साध्यापुढें खोऱ्यांतला पाऊस ही संधि, उंच कडा ही संधि, आणि १८९४ चा भूसंपादनाचा कायदा ही तर मोठीच संधि. कारण त्या कायद्यान्वये सरकार एखाद्या कंपनीसाठींहि जमीन सक्तीनें घेऊं शकत असे. मालकाला बाजारभाव आणि त्यावर शेंकडा १५ टक्के इतकें सक्तीबद्दलचें अधिक द्यावें कीं झालें. मालकाची संमति कायद्यानें विचारली नव्हती. मावळ्यांचा नकार हा कंपनीच्या यादींत एक अडथळा होता, आणि तो पैशानें किंवा पोलिसांनीं दूर होण्याजोगा आहे असा तिचा हिशेब होता. हा हिशेब मला पटत नाहीं, परंतु तो हिशेब होता खरा. एका कागदावर मांडतां येईल इतका सरळ.

मावळ्यांच्या बाजूस तसें नव्हतें.

खोऱ्यांतल्या पुष्कळ जमिनी सावकारी कर्जापायीं पुण्याच्या सावकारांच्या नांवावर चढल्या होत्या. ज्याचा आजा मालक होता तो आतां आपल्याच खाचरांत कूळ म्हणून राबे, आणि खंड घालून उरेल तें खाई. म्हणजे कागदोपत्रीं मालक एक आणि चिखलांत उभा राहणारा दुसरा. ही एवढीच गोष्ट पुढें सगळ्या लढ्याच्या मुळाशीं जाऊन बसली. ज्याच्या हातीं सात-बाराचा उतारा, त्याला जमीन म्हणजे रकमेचा आंकडा. चांगला आंकडा मिळाला तर त्याचें कांहीं अडत नव्हतें. ज्याचे पाय चिखलांत, त्याला ती जमीन गेली म्हणजे गांव गेलें, देव गेले, सोयरीक गेली, आणि मोबदल्याचा पैसाहि बहुतांशीं दुसऱ्याच्याच हातांत पडला.

पुण्याच्या तरुण कार्यकर्त्यांत विनायकराव भुस्कुटे यांनीं खोऱ्यांत गांवोगांव हिंडून लोकांस जागें केलें. पुढें त्यांनीं या लढ्याचा वृत्तांत ग्रंथरूपानेंहि लिहून ठेवला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट येऊन मिळाले. हे गृहस्थ १८८० सालीं जन्मलेले, विलायतेस इंजिनियरिंग शिकावयास गेलेले, आणि तेथें क्रांतिकारकांच्या संगतींत स्फोटकांची विद्या घेऊन परतलेले. यांनाच याच लढ्यापासून लोक ‘सेनापति’ म्हणूं लागले. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे आले, शंकरराव देव आले, ‘केसरी’नें लेखणी उचलली. मावळ्यांनीं शपथा घेतल्या कीं जीव गेला तरी जमीन देणार नाहीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, सुमारें बाराशें मावळे, त्यांत बायका आणि मुलेंहि, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद पडलें.

त्या दिवसांत देशाची हवाहि अनुकूल होती. असहकाराचें वर्ष, टिळक स्वराज्य फंडाचा एक कोट रुपयांचा संकल्प, गांवोगांव सभा. महात्मा गांधींनीं त्याच एप्रिलच्या अखेरीस ‘यंग इंडिया’ पत्रांत मुळशीच्या लोकांना यश चिंतिलें, आणि टाटांच्या मोठ्या घराण्यास विनविलें कीं कायद्यानें मिळालेल्या हक्कावर अडून न बसतां लोकांशीं बोलून काय तें ठरवावें. एका गरीब माणसाच्याहि इच्छेविरुद्ध मिळविलेल्या लाभाची किंमत ती काय, असा त्यांचा सवाल होता. महिनाभरानें कंपनीनें सहा महिने काम थांबविण्याचें मान्य केलें. खोऱ्यांत विजयाचा आनंद झाला.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें, कारण सगळा इतिहास या सहा महिन्यांत ठरला असें माझें मत आहे.

मे महिना संपत आला होता. मुळशीचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला सांगावयास नको कीं जूनपासून सप्टेंबरापर्यंत त्या खोऱ्यांत भिंतीचें काम फारसें होऊं शकत नाहीं. मग काम थांबविण्याचें वचन देऊन कंपनीनें नेमकें काय गमावलें? माझ्या मतें फारच थोडें. तिनें वेळ मिळविला. आणि भूसंपादनाचीं कागदपत्रें पावसानें भिजत नाहींत. लढणाऱ्यांच्या यादींत मात्र ही तहकुबी ‘मिळालेलें यश’ या सदराखालीं पडली. ती यश होती कीं संधि, कीं संधीच्या वेषांत आलेली अडचण, हें ओळखण्यासाठीं आपल्याला शेवटीं काय पाहिजे हें एका आवाजांत सांगतां यावयास हवें होतें. तें सांगतां येत नव्हतें. एकाच मंडपाखालीं निदान चार निरनिराळीं साध्यें बसलीं होतीं.

मावळ्याला जमीन पाहिजे होती. दुसरें कांहीं नको होतें. सावकार मालकाला चांगला मोबदला पाहिजे होता, आणि त्याच्या दृष्टीनें सत्याग्रह हें भाव वाढविण्याचें साधन होतें. पुण्याच्या राजकारणी मंडळींना स्वराज्याची चळवळ पसरावयास हवी होती. मुळशी हें तिचें एक चांगलें ठाणें. आणि बापटांसारख्यांना अन्यायापुढें मान न वाकविणें हेंच साध्य होतें. जमीन वांचो वा न वांचो. हीं चारहि साध्यें प्रामाणिकपणें बाळगतां येतात. सावकारांवर सरसकट दोष ठेवणारे लेखक आहेत. मी त्यांत पडत नाहीं, कारण आपल्या कागदाची किंमत मागणारा मनुष्य दुष्टच असतो असें नाहीं. परंतु एकाच घटनेला हीं चार साध्यें चार निरनिराळे अर्थ देत होतीं, हें मात्र कोणी पाहिलें नाहीं. मोबदल्याचा दर वाढला म्हणजे सावकारापुढें संधि उभी राही, आणि तीच वाढ मावळ्यापुढें सर्वांत मोठी अडचण होऊन येई. कारण तिनें त्याच्या शेजारचा साथीदार फुटे.

टाटा हे हिंदी होते, ही गोष्टहि अशीच दुधारी. परक्या कंपनीशीं बोलून काय उपयोग, पण स्वदेशीय घराण्याला लोकमताची चाड असते, म्हणून ही एक संधि. उलट, स्वदेशी धंदा वाढावा म्हणून पंधरा वर्षें ज्यांनीं व्याख्यानें दिलीं होतीं त्यांना स्वदेशी कारखानदाराविरुद्ध उभें राहतांना मनांत कोठें तरी कचरल्यासारखें होई, म्हणून तीच एक अडचण. स्वदेशी आणि शेतकरी यांत आधीं कोण, हा प्रश्न महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांपुढें प्रथमच इतक्या उघडपणें आला असावा. त्याचें उत्तर निश्चितपणें कोणीं दिलें नाहीं. सभांतून दोघांचाहि जयजयकार झाला.

सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकतांना आम्हांस एक सूत्र घोकवीत असत, कीं हेतूंत जें पहिलें असतें तें कृतींत शेवटीं येतें; घर बांधणारा मनांत आधीं राहतें घर पाहतो, मग पाया खणतो. त्या वयांत हें आम्हांस फार कोरडें वाटे. शुभवर्तमानांतला तो राजा तर तुम्हां सर्वांना ठाऊक आहे : वीस हजार घेऊन चालून येणाऱ्या शत्रूशीं आपल्या दहा हजारांनिशीं सामना करतां येईल काय, हें तो आधीं बसून ठरवितो, आणि येत नसेल तर शत्रु दूर असतांनाच वकील पाठवून तहाची बोलणीं लावतो. त्या दाखल्यांत माझें लक्ष नेहमीं ‘आधीं बसून’ या गोष्टीकडे जातें. मुळशींत सहा महिने बसावयास मिळाले होते. शत्रु दूर होता. लढावें, तर कोणत्या बळावर. तह करावा, तर कोणत्या अटींवर, म्हणजे जमिनीच्या बदल्यांत जमीन, कुळांना वेगळा वांटा, गांव एकत्र वसविणें असें कांहीं. या दोहोंपैकीं एक कांहींतरी त्या काळांत ठरावयास हवें होतें. जमिनीवांचून दुसरें कांहीं बोलणें म्हणजे फितुरी, असें वातावरण एका बाजूस, आणि पुण्यांत सावकारांची कंपनीशीं बोलणी दुसऱ्या बाजूस, असें झालें. म्हणजे तह झाला, पण ज्यांचें सर्वस्व जाणार होतें त्यांस वगळून झाला.

१९२१ च्या डिसेंबरांत काम पुन्हां सुरू झालें आणि सत्याग्रहहि पुन्हां सुरू झाला. या वेळीं सरकार तयार होतें. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींतला हा काळ. धरपकडीला सीमा राहिली नाहीं. माणसें धरावींत, खटले भरावेत, सजा द्याव्यात, असें वर्षभर चाललें. परांजप्यांसारखा वयोवृद्ध साहित्यिक १९२२ सालीं तुरुंगांत गेला. मावळ्यांच्या बायका धरणाच्या कामावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनींहि तुरुंग पाहिला. हें सर्व थोर होतें, यांत मला शंका नाहीं. परंतु मालक एकामागून एक मोबदला घेत होते, आणि भिंत वर येत होती.

देशाची हवाहि पालटली होती. १९२२ च्या फेब्रुवारींत चौरीचौऱ्याचें हत्याकांड घडलें, गांधींनीं बार्डोलीस असहकार तहकूब केला, आणि मार्चांत ते स्वतःच सहा वर्षांच्या शिक्षेवर गेले. १९२३ च्या आरंभीं स्वराज्य पक्ष निघाला. कायदेकौन्सिलांत शिरावें कीं शिरूं नये या वादांत पुण्याचे पुढारी बुडाले. ज्यांचें साध्य स्वराज्याची चळवळ हें होतें, त्यांच्या यादींत मुळशीचा क्रमांक आपोआप खालीं गेला. यांत लबाडी नव्हती. त्यांची यादी पहिल्यापासून तीच होती. मावळ्यांना ती ठाऊक नव्हती एवढेंच.

१९२४ च्या जानेवारींत गांधींना येरवड्याच्या तुरुंगांतून पुण्यांतल्याच ससून रुग्णालयांत आणून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं मुळशीसंबंधीं त्यांचा सल्ला विचारण्यांत आला. त्यांनीं लढा सोडावा असें कळविलें, आणि कारणें दिलीं : बहुतेक लोकांनीं मोबदला घेतला आहे आणि न घेणारे थोडे हुडकूनहि सांपडावयाचे नाहींत, धरण निम्म्याच्या आसपास झालें आहे आणि तें कायमचें थांबविणें आतां शक्य नाहीं, आणि लढ्याचा नेता अहिंसेवर पूर्ण श्रद्धा ठेवणारा नाहीं. तीन वर्षांपूर्वीं एका गरीब माणसाच्या नाखुषीपुढें सगळे लाभ फोल मानणारा हाच मनुष्य. वाचणाऱ्याला यांत विसंगति दिसते, व पुष्कळांनीं ती दाखविलीहि आहे. मला वेगळें वाटतें. पहिलीं दोन कारणें अडचणींचीं आहेत, तिसरें साध्याचें आहे. गांधींच्या यादींत अहिंसा ही जमिनीच्याहि वर होती, आणि ती तशी आहे हें त्यांनीं कधीं लपविलें नव्हतें. तिसरें कारण नसतें तर पहिल्या दोहोंना त्यांनीं इतका मान दिला असता काय, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवितों.

परंतु त्या पहिल्या कारणानें मन अस्वस्थ होतें. मोबदला ‘लोकांनीं’ घेतला, म्हणजे कोणीं घेतला? ज्यांच्या नांवावर जमीन होती त्यांनीं. ज्यांनीं रामनवमीस धरणाच्या जागेवर ठाण मांडलें, त्यांतल्या पुष्कळांजवळ घेण्यासारखा मोबदलाच नव्हता. ‘बहुतेकांची संमति’ मोजतांना कोणास मोजावयाचें, हें कोणीं ठरविलें? मोठमोठ्या मंडळांच्या अहवालांतून मीं ही चूक पुनःपुन्हां पाहिली आहे, आणि आपल्या सतरा कामांच्या यादींत तरी ती नाहीं असें मी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. त्या दिवशीं बैठकीस नव्यानें आलेल्या कुटुंबांपैकीं एकहि मनुष्य हजर नव्हता.

बापटांनीं सल्ला मानला नाहीं. त्यांनीं ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणून आपली वेगळी मीमांसा बनविली होती : अन्याय थांबविण्यासाठीं प्रसंगीं शस्त्रहि उचलावें, पण मग पळून न जातां स्वतःहून शिक्षेस सामोरें जावें. १९२४ च्या डिसेंबरांत मोजक्या साथीदारांनिशीं त्यांनीं धरणाच्या कामावर मजूर नेणारी गाडी रुळांवर दगड रचून अडविली, हत्यार चालविलें, आणि मग आपण होऊन पोलिसांच्या हवालीं झाले. सात वर्षांची सजा झाली. या कृत्याचें समर्थन मी करूं शकत नाहीं. गाडीवरचा माणूस हाहि कोणाचा तरी मुलगाच होता. पण एवढें मान्य करावें लागतें कीं त्या खोऱ्यांत ज्या थोड्यांना आपला क्रम अखेरपर्यंत स्पष्ट होता त्यांत बापट एक होते. त्यांचा आणि गांधींचा मतभेद अडचणी किती मोठ्या आहेत याबद्दल नव्हता. भिंत उभी राहणार हें दोघांनाहि दिसत होतें. साध्यांत पहिलें कोण, याबद्दल तो होता.

याच ठिकाणीं चार वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका लढ्याची आठवण होते. १९२८ सालीं गुजरातेंत बार्डोली तालुक्यांत सरकारनें सारा सुमारें शेंकडा २२ नें वाढविला. वल्लभभाई पटेलांनीं मागणी एकच ठेवली : या वाढीची निःपक्षपाती चौकशी व्हावी. स्वराज्याची गोष्टसुद्धां त्यांनीं मुद्दाम त्या मागणीला जोडूं दिली नाहीं. ज्या शेतकऱ्यानें सारा भरावयाचा, त्याचीच जमीन जप्तींत जाणार होती. लढणारा आणि गमावणारा एकच होता. शेवटीं चौकशी झाली, आणि वाढ शेंकडा सहाच्या आसपास खालीं आली. मुळशीशीं याची सरळ तुलना करणें अन्यायाचें होईल, हें मी जाणतों. कमी केलेला सारा परत वाढवितां येतो आणि वाढविलेला कमी करतां येतो, परंतु बुडालेलें खाचर वर येत नाहीं. सरकारला माघार घेणें बार्डोलींत स्वस्त होतें, कंपनीला मुळशींत महाग. तरीहि लढ्याच्या पहिल्या दिवशीं ‘आम्हांस एवढेंच पाहिजे, आणि हें मिळालें कीं आम्ही उठूं’ असें सर्वांना एकाच शब्दांत सांगतां येणें ही केवढी शक्ति आहे, हें बार्डोलीवरून दिसतें. त्या लढ्यांतील माणसें मुळशीच्या माणसांहून अधिक शूर होतीं असें मला वाटत नाहीं.

धरण आज शंभर वर्षांच्या घरांत आलें आहे. त्यांतून वळविलेलें पाणी भिऱ्यास वीज देऊन कुंडलिकेंत पडतें आणि रोह्याकडे जातें. कोलाडला होड्यांचा जो खेळ चालतो तो याच पाण्यावर. हें पाणी भीमेच्या खोऱ्यास परत द्यावें अशी मागणी दुष्काळाच्या वर्षीं अधूनमधून उठते. ज्या तालुक्यांत भाताशिवाय दुसरें कांहीं नव्हतें त्यांत हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि पिरंगुटचे कारखाने उभे आहेत, आणि आपल्यांपैकीं कित्येकांची भाकरी तेथूनच येते. मुंबईची पहिली विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठा आनंद व्यक्त झाला. तो खोटा नव्हता. कंपनीनें जें साध्य कागदावर मांडलें होतें तें तिनें मिळविलें, आणि त्याचा लाभ आपण सर्व रोज संध्याकाळीं दिवा लावतांना घेतों. हें लिहितांना माझ्या टेबलावरहि तोच दिवा आहे.

खोऱ्यांतले लोक पांगले. कांहीं पुण्यामुंबईस गेले. कांहींनीं पाण्याच्या वरच्या उतारावर, जेथें खाचर धरत नाहीं अशा मुरमाड जागेंत, पुन्हां घरें मांडलीं, आणि खालीं पाहिलें तर आपलीं शेतें पाण्याखालीं, असें त्यांचें जिणें झालें. १९२७ सालीं भिऱ्याचीं यंत्रें फिरूं लागलीं. सेनापति बापट त्या वेळीं तुरुंगांत होते. त्यांच्या सजेचीं आणखी कांहीं वर्षें उरलीं होतीं.